मंदिर, विहार, वाडी, अंगण : बालशिक्षणाच्या काही संज्ञांचा इतिहास

बालशिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा व्यक्ती, संस्था व पद्धती ह्यांच्या क्रमाने सांगितला जातो. तो क्रम चुकीचा नव्हे. परंतु ह्या चळवळीने आपल्या शाळांना वेळोवेळी जी नावे दिली, त्यांच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी जेथे खेळावे व खेळता खेळता शिकावे त्या जागेस कोणी ‘मंदिर’ म्हटले, कोणी ‘विहार’, कोणी ‘वाडी’. आणि शेवटी त्या वाडीच्या मागे ‘अंगण’ जोडले गेले. जागा बदलत गेली तसे नाव बदलत गेले, आणि नावाबरोबर त्या जागेत येणारे मूलही बदलले. प्रस्तुत लेखात ह्या स्थित्यंतराचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आरंभ अर्थातच यूरोपात आहे. फ्रोबेलने 1837 साली जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली व 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. मराठीत त्याला ‘बालोद्यान’ असा शब्दशः प्रतिशब्द मिळाला. पण तो पुस्तकाबाहेर फारसा पडला नाही. पुढे मारिया माँटेसोरीबाईंनी 1907 च्या जानेवारीत रोममधील सान लोरेंझो ह्या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्याच्या इटालियन नावाचा अर्थ ‘मुलांचे घर’ एवढाच आहे. माँटेसोरी-पद्धतीचा उगम श्रमिकांच्या वस्तीत झाला, ही गोष्ट तिच्या पुढील प्रवासात बरीच विसरली गेली, म्हणून ती येथे नमूद करून ठेवतो.

भारतात ह्या पद्धतीस खरे देशी रूप दिले ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील गिजुभाई बधेका ह्यांनी. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या ह्या गृहस्थांस गुजरातने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, असे नाव दिले. पुरुष शिक्षकाच्या वाट्याला याहून मोठी पदवी क्वचितच आली असेल. त्यांनी 1920 मध्ये सुरू केलेल्या शाळेचे नाव ‘बालमंदिर’. आज ‘मंदिर’ म्हणताच देवालय डोळ्यांपुढे उभे राहते; परंतु संस्कृतात त्या शब्दाचा पहिला अर्थ घर, निवासस्थान असाच आहे. त्या अर्थाने पाहता बालमंदिर हे ‘मुलांचे घर’ ह्याचे जवळजवळ तंतोतंत भाषांतर ठरते. गिजुभाईंच्या मनात कोणता अर्थ होता हा वेगळा प्रश्न. लोकांनी मात्र त्यात पावित्र्याचा अर्थ वाचला हे खास. माँटेसोरीबाई भारतात आल्या ते वर्ष 1939, आणि त्याच वर्षी, त्या येण्यापूर्वीच, गिजुभाई निवर्तले.

ताराबाई मोडक (1892–1973) ह्या 1923 मध्ये भावनगरला गेल्या व गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे मुंबईस परत आल्यावर 1936 मध्ये दादर येथे त्यांनी ‘शिशुविहार’ चालू केले. मंदिराहून विहार अधिक मोकळा. त्यात देवाचा धाक नाही. क्रीडा, स्वच्छंद हालचाल हा त्याचा मूळ भाव. तथापि दादरच्या शिशुविहारात येणारे मूल मध्यमवर्गीय होते. त्याच्या घरी पुस्तके होती, स्वतंत्र वाटी-चमचा होता, आणि शाळेत बोलली जाणारी मराठी त्याच्या आईचीच मराठी होती. पद्धतीची कसोटी अशा मुलाकडून लागत नाही. ही मर्यादा स्वतः ताराबाईंस जाणवली, आणि 1945 मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या समुद्रकाठच्या बोर्डी ह्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढण्यास निघाल्या. अनुताई वाघ (1910–1992) त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. लहान वयातच वैधव्य आलेल्या व स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या ह्या बाईंनी पुढचे सारे आयुष्य त्या कामास दिले.

आता ‘बालवाडी’ ह्या शब्दाकडे वळू. संस्कृत ‘वाटिका’, प्राकृत ‘वाडिआ’, मराठी ‘वाडी’ ही परंपरा स्पष्ट आहे. मराठीत ह्या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात : एक बागायत, दुसरा लहान वस्ती. बोर्डीच्या परिसरात तर चिकूच्या वाड्या व माणसांच्या वाड्या एकमेकींस लागून आहेत. जे काम ‘बालोद्यान’ ह्या संस्कृत शब्दास साधले नाही ते ‘बालवाडी’ने सहज केले. फ्रोबेलची बागही त्यात आली आणि खेड्यातील वस्तीही आली. उत्तम पारिभाषिक शब्द कोशात बसून घडत नाही, तो जागेवर घडतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

परंतु वाडी म्हटले तरी ती एका ठिकाणी होती, आणि दलित व आदिवासी वस्तीतील मुले तेथे येत ना. कारणे उघड आहेत : अंगावर कपडा नाही, कडेवर धाकटे भावंड, आणि गावातील इतर मुलांत मिसळण्याचा संकोच व अटकाव. तेव्हा ताराबाईंनी उलट चाल केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. ह्यातून मध्यवर्ती बालवाडी व अंगण-बालवाडी असे दोन प्रकार झाले. दुसऱ्या प्रकारात इमारत नव्हती. झाडाखाली वा झोपडीसमोर जागा झाडून घ्यावयाची, मुलांचे हातपाय धुवावयाचे, केस विंचरावयाचे, आणि मग गाणी, गोष्टी, मातीकाम. हा स्वच्छतेचा भाग शिक्षणापूर्वीची तयारी नव्हे, शिक्षणच मानला जाई.

साहित्याचा प्रश्न येथे निर्णायक ठरला. माँटेसोरीचे लाकडी दट्टे, मनोरे, खरकागदी अक्षरे महाग; खेड्यास न परवडणारी. म्हणून शंख-शिंपले, गारगोट्या, पाने, फुले, बिया गोळा झाल्या. लहानमोठेपणा, रंग, संख्या हे सारे त्यांच्यावरच शिकवावयाचे. ह्याची वाखाणणी बहुधा काटकसरीचा उपाय म्हणून होते. भाषेच्या अभ्यासकास त्यात आणखी काही दिसते. माँटेसोरी-पद्धतीत वस्तूचे नाव शिकविण्याचा पाठ तीन टप्प्यांचा असतो : शिक्षिका नाव सांगते, मग नावावरून वस्तू ओळखावयास लावते, शेवटी मुलाकडून नाव वदवून घेते. लाकडी दट्ट्याचे नाव मुलास ठाऊक नसते, म्हणून ते शिक्षिकेकडून मुलाकडे जाते. परंतु रानातल्या पानाचे नाव आदिवासी मुलास आधीच ठाऊक असते, आणि शहरातून आलेल्या शिक्षिकेस बहुधा नसते. साहित्य बदलताच पाठाची दिशाच उलटते. ज्ञान कोणाकडे आहे ह्याविषयीचा एक नकळत झालेला निवाडा त्या पानाबरोबर बदलतो.

ह्या भागातील पुष्कळ मुलांची घरची बोली वारली. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या 7 व्या खंडात तिची गणना मराठीत केली आहे. वर्गीकरणाच्या दृष्टीने ती योग्य असेलही, पण त्या वर्गीकरणाचा एक अनिष्ट उपयोग शालेय व्यवहारात होतो. बोली मराठीचीच, तेव्हा मुलास प्रमाण मराठी कळलीच पाहिजे, असे गृहीत धरले जाते. आणि कळली नाही तर दोष मुलाच्या बुद्धीवर जातो. वेगळी भाषा म्हणून जी सवलत मिळाली असती ती बोली म्हणून मिळत नाही.

अंगणवाडीच्या ह्या प्रारंभकाळाची पार्श्वभूमी शांत नव्हती. त्याच 1945 साली गोदावरी परुळेकर व किसान सभा ह्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ व लग्नगडी-पद्धतीविरुद्ध उठाव केला. लग्नासाठी कर्ज काढून नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबत राहावयाचे, ही ती पद्धती. एकाच मुलखात, एकाच वर्षी, मजुरी व मुक्तता मागणारा लढा आणि मुलांस खेळावयास बसविणारी शाळा ही दोन्ही उभी राहिली. दोहोंचे मार्ग निराळे होते, आणि त्यांना एकाच माळेत ओवण्याचा मोह टाळलेला बरा. पण ज्या घरी बाप वेठीस जातो त्या घरच्या मुलाचे बालपण सहाव्या वर्षीच संपते, हे दोहोंस समोर दिसत होते.

पुढे केंद्र बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेले आणि तेथे ‘विकासवाडी’ची कल्पना आकारास आली. मोठ्या बहिणीस भावंड सांभाळावे लागते म्हणून ती शाळेत येत नाही; तर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणा. मुलगा गुरे राखतो; तर शिक्षकाने कुरणात जावे. ही ‘कुरणशाळा’. गळतीवर पुढील काळात अहवालांचे ढीग झाले, पण तिचे कारण मुलाच्या कामात शोधून वेळापत्रक त्या कामास जुळविण्याचे हे उदाहरण मला त्या ढिगाहून अधिक बोलके वाटते. ताराबाईंस 1962 मध्ये पद्मभूषण मिळाले. अनुताईंनी ही कहाणी ‘कोसबादच्या टेकडीवरून’ ह्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

केंद्र सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांस ‘अंगणवाडी’ म्हटले. शब्द देशभर गेला. त्यामागची चाल मात्र सगळीकडे गेली असे म्हणता येत नाही. पूरक आहार, लसीकरण, वजनाची नोंद ही कामे आवश्यकच होती, पण त्यांच्या ओझ्याखाली खेळाचा तास आकसला. शिकविणारीचे नावही बदलले. ती ‘बाई’ वा ‘ताई’ होती, सरकारी कागदावर ‘सेविका’ झाली. सेवा करणारीस वेतन नसते, ‘मानधन’ असते; आणि ह्या एका शब्दामुळे तिच्या नोकरीचे हक्क दशकानुदशके अडून राहिले. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र असल्याचा निर्णय दिला. मानधन हा शब्द मात्र अजून चालू आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्पा मानली व घरच्या भाषेचा आग्रह धरला. वारली मुलाच्या बाबतीत ‘घरची भाषा’ म्हणजे वारली की मराठी, ह्याचे उत्तर प्रत्येक अंगणवाडीतील सेविकेस रोज सकाळी, पहिले गाणे म्हणतानाच द्यावे लागते.

‘अंगणवाडी’ हा शब्द आता तमिळमध्येही रुळला आहे. तेथे त्याला ‘अंगन्वाडी मैयम्’ म्हणतात. ‘मैयम्’ म्हणजे केंद्र. ‘वाडी’तील वस्ती व बाग हे दोन्ही अर्थ तेथील बोलणाऱ्यास ऐकू येत नाहीत, म्हणूनच बहुधा त्याला पुढे ‘केंद्र’ जोडावे लागले. महाराष्ट्रातही आज ‘अंगणवाडी केंद्र’ असेच लिहिले जाते.