'आईन-ए-अकबरी'तील बांधकामाचा अंदाज : दर, परिमाण आणि नफा

मोगलकालीन इमारतींविषयीच्या लेखनात घुमट, कमानी व जाळीकाम यांचे वर्णन विपुल आढळते. या इमारतींच्या खर्चाचा अंदाज कसा बांधला जात असे, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. अबुल फज्लच्या 'आईन-ए-अकबरी' (सु. १५९५) या ग्रंथातील काही छोटी प्रकरणे या दृष्टीने महत्त्वाची आहेत. ब्लॉकमन यांच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड १८७३ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ती अभ्यासकांना सहज उपलब्ध आहेत.

या प्रकरणांची मांडणी पद्धतशीर आहे. प्रथम साहित्याचे दर येतात. भाजलेल्या विटा हजारी ३० दाम, अर्धवट भाजलेल्या २४ दाम, तर कच्च्या १० दाम. चुना मणाला २ दाम. नंतर मजुरी येते. चुनेकाम करणाऱ्यांना श्रेणीनुसार रोज ७, ६ किंवा ५ दाम. सुतारांच्या पाच श्रेणी असून त्यांची मजुरी ७ दामांपासून २ दामांपर्यंत उतरते. त्यानंतर कोणत्या कामास किती साहित्य लागते, याची परिमाणे दिली आहेत. लाकूड तासताना किती घट येते, याचेही नियम आहेत आणि ७२ प्रकारच्या लाकडांची वजने नोंदवली आहेत. दर, परिमाण आणि घट ही अंदाजपत्रकाची तिन्ही अंगे येथे दिसतात.

या आकड्यांवरून एक हिशेब मांडता येतो. पक्क्या विटांच्या एक गज बांधकामास तीन शेर वजनाच्या २५० विटा, ८ मण चुना आणि २ मण २७ शेर सुरखी लागते, असे ग्रंथ सांगतो. त्यानुसार विटांचे साडेसात दाम, चुन्याचे १६, सुरखी कुटण्याचा सुमारे अर्धा दाम आणि साध्या भिंतीसाठी बेलदाराचे २ दाम, असे एकूण सुमारे २६ दाम होतात. रुपयाचे ४० दाम होत. मजुरांचा गज ३२ तस्सूजांचा वेगळा असल्याने हा हिशेब ढोबळच मानावा. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. अर्धवट भाजलेल्या विटा वापरल्या तरी बचत जेमतेम दीड दामाची; खरा खर्च चुन्याचा आहे. बांधकामात लबाडी व्हायची तर ती चुन्यातच होण्याचा संभव अधिक.

मग नफा कोठे आहे? घर बांधू इच्छिणारे पुष्कळ, पण व्यापाऱ्यांत सचोटी दुर्मिळ. म्हणून बादशहाने त्यांच्या नफातोट्याची चौकशी करून उभयपक्षी मान्य होतील असे दर ठरवले, असे अबुल फज्ल म्हणतो. म्हणजे नफा ही वेगळी बाब नसून ती दरातच सामावलेली आहे. अपवादाने एके ठिकाणी ती उघडी पडते. भेरा येथील खाणीतील 'गच-ए-शीरीं' व्यापाऱ्याने आणून दिल्यास तीन मणांस १ रुपया पडे. स्वतःचे हमाल पाठवल्यास फक्त १ दाम. हा फरक निव्वळ नफ्याचा नाही. त्यात वाहतूक आणि जोखीमही आहे. परंतु किंमत खाणीवर नव्हे, तर वाटेवर वाढते, हे त्यातून कळते.

अर्थात हे दर सरकारी आहेत. प्रत्यक्ष बाजारात तेच दिले-घेतले जात होते, असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. शिवाय देखरेखीचा खर्च आणि अनपेक्षित अडचणींसाठीची तरतूद येथे स्वतंत्रपणे दिसत नाही. आजच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरपृथक्करणात वरखर्च व ठेकेदाराचा नफा वेगळ्या टक्केवारीने धरतात. दोन पद्धतींतील मुख्य भेद हाच.

अंदाज, मजुरी, नफा, बेलदार, अस्तर हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि आजही बांधकामाच्या जागेवर रोज वापरले जातात. इतिहासाच्या वर्गात इमारतीच्या चित्राशेजारी तिचा हिशेबही ठेवला, तर ती उभारणाऱ्या गवंड्याची, सुताराची व पखालवाल्याची रोजची कमाई विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल. बादशहाचे नाव शिलालेखात असते. चुन्यासाठी दोन दाम रोजावर पाणी वाहणाऱ्याची नोंद मात्र या दरपत्रकातच सापडते.