बाथरूमचा एक्झॉस आणि तिसरी तार

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जे इकडे-तिकडे गेलं, ते लिहिताना जरा सरळ केलंय, एवढंच.

शिरपूरच्या एका श्रोत्याचा प्रश्न आला होता. "दादा, गावातलं जुनं घर आहे. बाथरूमची खिडकी बुजवून टाईल्स बसवल्या, वरती फक्त फूटभर भोक ठेवलंय. आता आत वाफ कोंडते, छताला बुरशी धरलीय. एक्झॉस आणून ठेवलाय. बल्बच्या होल्डरमधूनच दोन वायरी काढून जोडला तर चालेल ना? एवढ्याशा कामाला वायरमन कशाला बोलवायचा?"

आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा कार्यक्रम, इथे एक्झॉसचं काय काम? पण या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच आहे बरं का. त्या होल्डरमागे दोनच वायरी का आहेत, हे कळलं की उत्तर आपोआप मिळतं.

आधी खिडकी. खानदेशातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचं सपाट छत. पाऊस कमी आणि ऊन रणरणतं, म्हणून ही रचना. छताला एक भोक ठेवलेलं असायचं. उजेड तिथून खाली यायचा, चुलीचा धूर तिथून वर जायचा. आंघोळीला मोरी, नाहीतर अंगणात आडोसा. पाणी तापवायला बंब. तांब्याचा बंब, मधल्या नळीत लाकडं-गोवऱ्या, आणि धूर सरळ आकाशात. म्हणजे वाफ, धूर, ओल यांना बाहेर जायला वाट होतीच. त्यासाठी कुणी पंखा लावला नाही, कारण त्याची गरजच नव्हती.

एक्झॉस फॅन घरात उशिरा आला. त्याआधी तो कारखान्यात आला. कापसाचं जिनिंग किंवा सूतगिरणी जवळून बघितली असेल तर तिथली हवा आठवा: उडणारा तंतू, धूळ, उकाडा. आपल्याकडे अमळनेरला प्रताप मिल १९०६ साली उभी राहिली, शिरपूरला पुढे सहकारी सूतगिरणी आली. १९४८ च्या कारखाने कायद्यात खेळत्या हवेसाठी वेगळं कलम आहे आणि धूळ-धूर बाहेर ओढून घेण्याच्या साधनांसाठी वेगळं. गिरणीच्या भिंतीतला तो मोठा, जाळीचा, लोखंडी पात्यांचा पंखा म्हणजे आपल्या बाथरूममधल्या सहा इंची पंख्याचा आजोबा. घरात अटॅच बाथरूम आलं, त्याच्या चारही बाजूंनी खोल्या आल्या, खिडकी लहान होत गेली, तेव्हा नातू घरी आला.

आता वायरी. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला आणि राज्य वीज मंडळ स्थापन झालं २० जून १९६० ला. त्याआधी लहान गावांत वीज असलीच तर खासगी कंपनीच्या डिझेल इंजिनावर, तीही बहुधा बाजारपेठेपुरती. मंडळ आल्यावर खांब रोवले गेले, साठच्या दशकाच्या शेवटी भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र सुरू झालं आणि गावोगाव 'बोर्डाची लाईट' आली. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, बिलावर महावितरण आलं, पण आपल्या तोंडात अजून 'एमएसईबी'च आहे की नाही?

त्या काळात घरात वीज यायची ती सागाच्या पट्टीवरून. भिंतीवर लाकडी पट्टी ठोकलेली, त्यावर पत्र्याच्या क्लिपांनी धरलेल्या वायरी, काळ्या बॅकेलाईटचे खटके आणि चिनीमातीचा किटकॅट फ्यूज. बऱ्याच वायरींवर रबराचं वेष्टण असायचं. धुळे जिल्ह्याच्या उन्हाळ्यात, पारा ४४-४५ वर गेला की छताखालचं ते रबर वर्षागणिक कडक होत जायचं, तडकायचं. जुन्या घरात वायर वाकवली की वेष्टणाचा भुगा हातात येतो, तो यामुळे.

आता मुद्द्याचं. त्या जोडणीत दिव्याच्या पॉइंटला दोनच तारा जायच्या: एक फेज, एक न्यूट्रल. तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार, फार तर इस्त्रीच्या तीन पिनी सॉकेटपर्यंत यायची. त्या वेळच्या हिशेबाने ते चुकीचंही नव्हतं. बल्बचा होल्डर बॅकेलाईटचा, उंचावर, कोरड्या जागी. त्याला अर्थिंग कशाला? पण श्रोतेहो, आज त्याच दोन तारांवर आपण पत्र्याच्या बॉडीचा पंखा लावणार, तोही वाफेच्या खोलीत. आत वाइंडिंगचं वेष्टण खराब झालं तर करंट बॉडीवर येतो. तिसरी तार असेल तर तो करंट तिच्यातून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. तार नसेल तर तो तिथेच दबा धरून बसतो आणि ओल्या अंगाच्या माणसाची वाट बघतो.

यातही एक ऐतिहासिक गंमत आहे, गंमत कसली, धोकाच म्हणा. पुष्कळ घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असायची. पाइप जमिनीत गेलेला, त्यामुळे काम भागायचं. नंतर लोखंडी पाइप गंजले, प्लंबर आला, प्लास्टिकचे पाइप टाकून गेला. पाणी चांगलं येऊ लागलं आणि अर्थिंग गेलं. घरात कुणाला पत्ताही नाही. तार तिथेच आहे, हिरवी आहे, दिसायला सगळं ठीक. पण ती कुठेच जात नाही.

मग कायदा काय म्हणतो? 'वायरमन कशाला' या प्रश्नाचं उत्तर १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत आहे, नियम ४५. बल्ब, पंखा, फ्यूज, खटका यांची साधी बदली, जिने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, ती सोडून बाकीचं काम परवानाधारक ठेकेदाराने, पात्रतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं. २०१० आणि २०२३ च्या नियमांतही तोच धागा पुढे चालू आहे. म्हणजे जुना पंखा काढून तिथेच तसाच नवा लावला, ती बदली. जिथे पॉइंटच नव्हता तिथे नवी लाईन ओढली, ते नवं काम. आपल्या श्रोत्याचं काम दुसऱ्या प्रकारातलं आहे.

इथे कुणी म्हणेल, आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर पडेल. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. सहा अँपिअरची एमसीबी सहाच्या वर गेल्याशिवाय पडत नाही. माणसाच्या जिवाला धोका मात्र अँपिअरच्या शंभराव्या भागांत मोजला जातो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी शरीराला किती करंट झेपतो यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १९६० च्या दशकात त्यावरून घरात बसेल असं संरक्षक यंत्र बनवलं. आज आपल्याकडे त्याच जातीचं उपकरण आरसीसीबी नावाने मिळतं. घरासाठी ३० मिलिअँपिअरचं घेतात, म्हणजे सहा अँपिअरच्या दोनशेव्या हिश्शाला ते लाईट तोडतं. अर्थिंग नसलं तरी माणसाचा हात लागल्यावर ते पडतं. म्हणून जुन्या घराला आधी हे.

आणखी एक गोष्ट, आणि आजचा भाग खरं म्हणजे यासाठी केलाय. धुळे जिल्ह्याची थंडी तुम्हाला माहीत आहे, पारा पाच-सहा अंशांवर येतो. दारं-खिडक्या गच्च बंद. आणि बंबाची जागा आता गॅस गिझरने घेतलीय. 'गीझर' हा शब्द आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यावरून आला. लंडनच्या बेंजामिन मॉन याने १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. त्या पहिल्या यंत्राला जळका वायू बाहेर नेणारं धुराडंच नव्हतं. दीडशे वर्षं झाली, आणि आपण अजून बंद बाथरूममध्ये बिनधुराड्याचा गिझर लावतो. बंब धूर करायचा, डोळे चुरचुरायचे, माणूस बाहेर पळायचा. गॅस गिझरचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. आधी चक्कर, मग शुद्ध जाते. महाराष्ट्रात अशी माणसं गेली आहेत. एक्झॉस लावला म्हणजे गिझर आत चालेल, असं समजू नका. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. आणि पंखा जेवढी हवा बाहेर फेकेल तेवढी आत यायला पाहिजे. दाराखाली फट नसेल तर पंखा नुसता गरगरतो.

तर भाऊ, तुमचं उत्तर. होल्डरमधून वायर काढू नका. बाहेरच्या बोर्डवरून नवी लाईन घ्या, फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्ही तारा. फेज खटक्यातूनच गेली पाहिजे, नाहीतर बटन बंद करूनही पंख्यात करंट राहतो. खटका बाथरूमच्या बाहेर ठेवा, पंखा शॉवरपासून लांब आणि उंच. पंख्याला वीज एखाद्या बल्बाएवढीच लागते, त्यामुळे भाराची काळजी नाही. परवानाधारक माणूस आला की तीन गोष्टी विचारा: अर्थिंग मोजून दाखव, ते न्यूट्रलला तर जोडलेलं नाही ना ते बघ, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटन माझ्यासमोर दाब.

मोजल्यावर अर्थिंग नाही असं निघालं, तर पंखा आठ दिवस खोक्यातच राहू द्या. आधी अंगणात खड्डा करून अर्थिंग घ्या. बुरशी आठ दिवस थांबेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर घरातलं टेस्ट बटन एकदा दाबून बघा, आणि लाईट गेली तर आनंद माना.