पालघर-तारापूरचा समेट आणि फौजदारी खटला

समेट झाल्यावर खटला संपवायचा अधिकार कुणाचा, याचे उत्तर पालघर-तारापूर पट्ट्यात राजवटीगणिक बदलत गेले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर, माहीम आणि वसई मराठ्यांकडे आली. मराठी अमलात तंटा वतनदार-गावकऱ्यांच्या गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे चाले. पंचांचा निकाल मान्य करू, अशी कबुली दोन्ही बाजू आधीच लिहून देत. तिला ‘राजीनामा’ म्हणत. नोकरी सोडतानाच्या कागदाला आज तोच शब्द चिकटला आहे. हरलेला यजितखत, म्हणजे हार मान्य असल्याचा लेख, देई. सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी नावाची नजर आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी नावाचा दंड घेई.

इंग्रजी अमलात गुन्हा सरकारविरुद्धचा ठरला आणि फिर्यादी साक्षीदारापुरता उरला. 1827 चे मुंबई इलाख्याचे रेग्युलेशन आणि 1860 ची दंडसंहिता यांनी ही घडी बसवली. तरीही 1898 च्या प्रक्रिया संहितेत कलम 345 खाली काही गुन्हे आपसात मिटवता येत. 1923 मध्ये कलम 561-अ घालून उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार शाबूत राखले गेले. 1973 च्या संहितेत हीच दोन कलमे 320 आणि 482 झाली.

कलम 320 ची यादी मर्यादित होती. यादीतला गुन्हा मिटला की आरोपी निर्दोष सुटे. विवाहितेच्या छळाचे कलम 498-अ त्या यादीत नव्हते. त्यामुळे घर पुन्हा सांधले गेले तरी खटला चालूच राही आणि साक्षीदार कोर्टात फितूर होत. खऱ्या समेटाला खोट्या साक्षीचा आधार घ्यावा लागणे हा कायद्याचाच दोष होता. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये बी. एस. जोशी खटल्यात त्यावर कलम 482 ची वाट काढली. कलम 482 चा अधिकार 320 च्या यादीने बांधलेला नाही, पण तो जपून वापरावा, असे 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले. 2012 मध्ये ग्यानसिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सीमा आखली: व्यापारी, आर्थिक आणि कौटुंबिक वादांतले खटले समेटावर रद्द होऊ शकतात, खून, बलात्कार, दरोडा यांसारख्या गुन्ह्यांचे नाहीत.

तारापूरला 1969 मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरला एमआयडीसीची वसाहत वाढली. उधारीवर चालणाऱ्या औद्योगिक वसाहतीत न वटलेल्या धनादेशांचे खटले ओघाने येतात. 2002 च्या दुरुस्तीने ते तडजोडपात्र झाले. तडजोडीला जितका उशीर, तितका जास्त खर्च आरोपीवर, असे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये घालून दिले. बँकांच्या फसवणुकीत मात्र निकाल सरळ नाहीत. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचा खटला रद्द करणारा एक आदेश कायम ठेवला, तर बनावट पतपत्रांच्या प्रकरणातला दुसरा उलटवला.

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र. तंटे सोडवण्याची रूढ पद्धत जपण्याचा ग्रामसभेचा हक्क 1996 च्या पेसा कायद्याने मान्य केला आहे. पण पाड्यावरचा समेट पोलिसांत नोंदलेला गुन्हा आपोआप पुसत नाही. ॲट्रॉसिटी कायद्याखालचा खटलाही तडजोडीवर रद्द होऊ शकतो, असे 2021 मध्ये ठरले. मात्र पीडितावर दबाव नव्हता, ही खातरजमा न्यायालयाने करायची आहे. समेट मनापासून आहे की गरजेपोटी, हे प्रतिज्ञापत्रावरून कळणे अवघड असते, म्हणून ही अट सर्वांत मोलाची.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर ठाण्यापासून वेगळा जिल्हा झाला. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 320 च्या जागी 359 आणि 482 च्या जागी 528 आले. यादीतला गुन्हा आजही जिल्ह्यातल्या कोर्टातच मिटतो. यादीबाहेरचा रद्द करून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयातच जावे लागते.