विहिरीवरचं इंजिन आणि दारातली मोटारसायकल



आपल्या बीदर-भालकी-औराद भागाच्या आठवणी निघाल्या की किल्ला येतो, रजाकार येतात, 1956 ची वाटणी येते. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. मोटारसायकल मात्र कुणाच्याच आठवणीत येत नाही. मी बँकेतला माणूस, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा बी.कॉम., यंत्रातलं शिक्षण शून्य. तरीही या विषयावर लिहावंसं वाटलं, कारण नवी गाडी घेऊन तिची देखभाल स्वतः करायला आपली पिढी कुठे आणि कुणाकडून शिकली, हा आपल्या भागाच्या इतिहासाचाच भाग आहे असं माझं मत आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्या दहा वर्षांत खेडोपाडी शाखा निघाल्या. शाखा निघाली की कर्जं आली, कर्जं आली की पाहणी आली. विहीर खरंच खोदली का, बैल गोठ्यात आहेत का, इंजिन बसवलं का, हे जागेवर जाऊन बघायचं. एसटी दिवसातून दोनदा, तीही डांबरी रस्त्यापर्यंतच. म्हणून कर्मचाऱ्यांना वाहनकर्ज मिळू लागलं आणि आमच्यासारख्यांच्या दारात मोटारसायकल उभी राहिली.

तेव्हा पर्याय तरी किती? मद्रासची बुलेट, 1955 पासून इथे तयार होणारी, पण ती फौजदाराची किंवा बागायतदाराची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली जावा 1961 ची, तिचीच पुढे येज्दी झाली. किक आणि गिअर एकाच दांडीत, हे तिचं वैशिष्ट्य. आणि एस्कॉर्ट्सची राजदूत, मूळ पोलंडच्या गाडीवरून बेतलेली, दूधवाल्यांची लाडकी. जावा-येज्दी आणि राजदूत या टू-स्ट्रोक. ज्यांनी टू-स्ट्रोक चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो: या गाड्यांत इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. एकास पंचवीस म्हणजे 5 लिटर पेट्रोलला 200 मिली. कमी पडलं तर पिस्टन धरणार, जास्त झालं तर प्लग काळा होणार आणि सायलेन्सर चोंदणार. म्हणजे गाडी घेतल्या दिवसापासून मालकाला थोडं मेकॅनिक व्हावंच लागे. हौसेचा प्रश्नच नव्हता.

माझीही टू-स्ट्रोकच. गाडीबरोबर इंग्रजी पुस्तिका आली, चार पान्हे, एक पेचकस आणि प्लग खोलायची नळी. पुस्तिका मी खतावणीसारखी वाचून काढली. प्लग अमुक किलोमीटरला साफ करा, पॉइंटमधली फट 0.4 मिलिमीटर ठेवा, वगैरे. पण 0.4 मिलिमीटर म्हणजे किती, हे पुस्तिकेवरून बोटांना कळत नाही. एक वही घातली. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, केलेलं काम. जमाखर्चाची सवय, दुसरं काय.

शिकवणारा माणूस भेटला तो गॅरेजात नाही, विहिरीवर. भालकीच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या इंजिनाची पाहणी करायला गेलो होतो. वाटेत गाडी बंद पडली. त्याच्या मळ्यापर्यंत ढकलत नेली आणि पुस्तिका उघडून बसलो. तो जवळ आला. "काय करूलालाव सायब?" मी सांगितलं. त्यानं पुस्तिकेकडे पाहिलंही नाही. टाकीची नळी काढून पेट्रोल येतंय का बघितलं. प्लग काढून गाडीच्या अंगाला टेकवला आणि मला किक मारायला लावली. ठिणगी होती. मग कार्बोरेटरची वाटी उघडली, तळाशी तांबडा गाळ. बीदरची ती तांबडी माती, जांभ्या दगडाचं पीठच, वाऱ्याबरोबर कुठेही शिरते. वाटी पुसली, जेट तोंडाने फुंकून साफ केला, गाडी दुसऱ्या किकला सुरू. मी विचारलं, मोटारसायकल कुठे शिकलात? तो म्हणाला, "शिकायचं काय? आमच्या इंजिनाला ठिणगी लागत न्हाई, तुमच्या गाडीला लागती. बाकी भूक सारखीच."

हे वाक्य मी विसरलो नाही, कारण त्यात आपल्या भागाचा अख्खा यंत्र-इतिहास आहे. मोटारसायकल येण्याच्या कितीतरी आधी आपल्या शेतकऱ्याच्या हातात डिझेल इंजिन आलं होतं. पुण्याचं किर्लोस्कर, साताऱ्याचं कूपर, पाच हॉर्सपॉवरचं, विहिरीच्या काठावर धडधडणारं. 1972 च्या दुष्काळानंतर तर विहिरी आणि इंजिनं यांचीच कर्जं जास्त. ऐन हंगामात इंजिन थांबलं तर तालुक्याहून मेकॅनिक येईपर्यंत ऊस वाळतो. म्हणून हँडल मारणं, डिझेलच्या नळीतली हवा काढणं, नोझल तपासणं हे घरातला बारा-तेरा वर्षांचा पोरही करायचा. (सीमाभाग आणि पान्हा यांचं नातं तसं जुनंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी ही सगळी त्यानंतरची गोष्ट.)

त्या मळ्यावर मी पुढे बऱ्याचदा गेलो. सायलेन्सरमधला कार्बन काढण्याची युक्ती तिथलीच. गुऱ्हाळ चालू असताना सायलेन्सरच्या आतली नळी चुलवणात लाल होईपर्यंत ठेवायची, गार झाली की काठीने ठोकायची, कार्बन पापडासारखा निघतो. पावसाळ्यात काळ्या रानात मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल बसून चाक जागच्या जागी थांबतं. तेव्हा जोर लावून क्लच जाळायचा नाही, उतरून बाभळीच्या काटकीने चिखल काढायचा, हेही तिथेच शिकलो.

आता अवघड भाग. त्या शेतकऱ्याचे दोन हप्ते थकलेले होते. ज्याने मला शिकवलं त्यालाच मी नोटीस दिली, कारण ते माझं काम होतं. त्याने ती घेतली, चहा पाजला आणि त्या दिवशी मला चेन ताणायला शिकवली. पण एक फरक पडला होता. पाहणीच्या फॉर्मवर एक रकाना असे: इंजिन चालू स्थितीत, होय किंवा नाही. पूर्वी इंजिन आवाज करतंय एवढं बघून मी 'होय' लिहीत असे, सगळेच लिहीत. आता मला धूर वाचता येत होता. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. त्याच्या इंजिनाचा धूर निळा होता. इंजिन चालत होतं, पण पाणी निम्मंच उचलत होतं, म्हणून ऊस निम्मा, म्हणून हप्ता थकलेला. मी अहवालात तसं लिहिलं आणि दुरुस्तीसाठी वेगळी छोटी रक्कम मंजूर करण्याची शिफारस केली. वरून दोनदा शंका आली, तिसऱ्यांदा मंजुरी आली. पुढच्या गाळपानंतर त्याने थकबाकी भरली. त्यानंतर मी तसे बरेच अहवाल लिहिले. सगळ्यांनी पैसे भरले असं नाही. पण 'होय किंवा नाही'च्या पुढे काहीतरी लिहिता आलं, ते माझ्या मोटारसायकलमुळे.

बीदरच्या मिस्त्रींचाही उल्लेख करायलाच हवा. त्यांची शाळा वेगळी, भाषा दख्खनी. स्पेअर पार्ट हैदराबादहून यायचे. राज्य मोडलं तरी पार्टांची वाट काही मोडली नाही. मी जेटमध्ये सुई घालायला निघालो तेव्हा एका म्हाताऱ्या मिस्त्रीने हात धरला होता, "सुई नक्को डालो साब, छेद बडा होता." जेट पितळेचा, त्याचं भोक माप धरून पाडलेलं. 0.4 मिलिमीटरही त्यानेच बोटांना शिकवलं. फिलर गेजची पट्टी पॉइंटमध्ये सरकवायची, ती किंचित अडकत बाहेर आली पाहिजे. आमच्यातले कितीतरी सुशिक्षित लोक या माणसांना अरेतुरे करत, हे मला तेव्हाही खटकायचं.

1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि चित्र पालटलं. फोर-स्ट्रोक, ऑइल वेगळं, एका लिटरमध्ये टू-स्ट्रोकच्या दुप्पट अंतर. पेट्रोल भरा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. आपल्या लोकांनी त्यातलं 'विसरून जा' एवढंच मनावर घेतलं. फोर-स्ट्रोकलाही ऑइल लागतं, ते फक्त पेट्रोलमध्ये दिसत नाही. ऑइल न बदलल्यामुळे बसलेली इंजिनं मी नव्वदच्या दशकात पुष्कळ पाहिली. त्याच सुमारास विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आणि डिझेल इंजिनं गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. दोन्ही शाळा एकदमच बंद झाल्या म्हणा ना.

सध्या बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना उभं राहून बघा. मोटारसायकलींचा पूर येतो. माझा नातू तिथेच एका कारखान्यात लागला, त्याने यंदा नवी गाडी घेतली. एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, त्यामुळे नव्या गाड्यांत बहुतेक कार्बोरेटर नाही. पेट्रोल किती जायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, पॉइंट तर कधीच गेले. नातू म्हणाला, "आजोबा, यात आपल्याला करण्यासारखं काही उरलंच नाही." मला ते पटत नाही. कॉम्प्युटरला हात लावू नये हे खरं, आणि वॉरंटीतल्या फुकट सर्व्हिसिंगही वेळेवर करून पुस्तिकेवर शिक्का घ्यावा. पण चेनला कॉम्प्युटर नाही. टायरच्या हवेला नाही. एअर फिल्टरमध्ये आजही तीच तांबडी माती शिरते.

म्हणून त्याला मी एक वही दिली आणि चेनपासून सुरुवात केली. गाडी मधल्या स्टँडवर, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद, चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोट गमावलेली माणसं आपल्या भागात आहेत. खालची चेन बोटाने वर उचलून बघायची, साधारण अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या, नाहीतर चाक तिरकं बसतं. मग जुना ब्रश, थोडं रॉकेल किंवा डिझेल, कोरडी चिंधी, आणि शेवटी 90 नंबरचं गिअर ऑइल. हे रविवारी संध्याकाळी करावं, म्हणजे ऑइल रात्रभर मुरतं आणि सोमवारी सकाळी पँटवर उडत नाही.