'स्वावलंबी' कोण, मूल की शाळा?

'स्वावलंबन' हा शब्द शाळांच्या भिंतींवर इतका रंगवला गेला आहे की त्याच्याकडे पाहायचे आपण विसरूनच गेलो. त्याच्या पोटात 'लम्ब्' हा संस्कृत धातू आहे. अर्थ लोंबणे, टांगलेले असणे. आपण वर्गात शिकवतो तो लंबक याच धातूचा. गवंड्याचा ओळंबा हे तर 'अवलंब'चेच झिजलेले रूप. अवलंब म्हणजे ज्याला धरून लोंबायचे तो आधार. तेव्हा शब्दशः स्वावलंबी म्हणजे स्वतःलाच टांगलेला! लंबकाला हे जमणार नाही. त्याला खुंटी बाहेरचीच लागते.

शिक्षणातली ही खुंटी कोणती, यावर १९३७ साली वर्ध्याला मोठी चर्चा झाली. २२ व २३ ऑक्टोबरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, हस्तोद्योगाला मध्यवर्ती स्थान, असे ठराव झाले. शेवटचा ठराव मात्र अवघड होता: या पद्धतीतून शिक्षकांचा पगार हळूहळू निघावा, अशी अपेक्षा त्यात होती. म्हणजे 'स्वावलंबी' हे विशेषण मुलाला लावायचे की शाळेला? मुलाने मोठेपणी स्वतःच्या पायावर उभे राहणे वेगळे, आणि त्याने आज कातलेल्या सुतावर गुरुजींचा पगार टांगणे वेगळे. डॉ. झाकिर हुसेन समितीने डिसेंबरातल्या अहवालात हा धोका ओळखला. उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षणाचे हेतू बाजूला पडतील, असा इशारा तिने दिला. शिवाय योजनेतून खर्च भागला नाही तरी शिक्षण म्हणून ती स्वीकारावी, असेही सांगितले. आम्हांला हे दुसरे म्हणणे अधिक मोलाचे वाटते. ते पुढे फारसे कोणी आठवले नाही.

साताऱ्यात भाऊराव पाटलांनी हा शब्द त्याआधीच कामाला लावला होता. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्याचे वसतिगृह १९२४ चे. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंगतीला जेवत, स्वतः राबत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. 'स्वावलंबी शिक्षण' हे संस्थेचे ब्रीद, आणि बोधचिन्ह वडाचे. वडाची पारंबी आधी फांदीवर पोसली जाते, जमिनीत रुजल्यावर मग तीच फांदीला टेकू देते. साताऱ्यात मुलांना पोसायला धान्य उरले नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्रही काढून दिले. त्या १९३० साली वारल्या. संस्थेचे महाराजा सयाजीराव हायस्कूल साताऱ्यात निघाले ते १९४० साली.