धुरक्याविरुद्ध नागरिकांची फिर्याद



२६ जुलै १९४३ या दिवशीं, महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहर भर दिवसां झांकोळून गेलें. लोकांचे डोळे चुरचुरूं लागले, घसे खवखवूं लागले आणि तीन चौकांपलीकडचें दिसेनासें झालें. शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय, अशी शंका पुष्कळांना आली. पुढें संशय वळला तो कृत्रिम रबरासाठीं लागणारा एक पदार्थ तयार करणाऱ्या कारखान्यावर. तो कारखाना कांहीं काळ बंद ठेवण्यांत आला. पण हवा कांहीं निवळली नाहीं. चोर सांपडला असें वाटावें आणि चोऱ्या मात्र चालूच राहाव्यात, तसाच हा प्रकार झाला.

इंग्रजींत धूर आणि धुकें या अर्थाचे दोन शब्द जोडून 'स्मॉग' हा शब्द झाला आहे. आपण त्याला धुरकें म्हणूं. लॉस एंजेलिसच्या एका अंगाला समुद्र आणि उरलेल्या अंगांना डोंगर आहेत. समुद्रावरून आलेल्या थंड हवेवर उष्ण हवेचा थर पातेल्यावरील झांकणासारखा बसतो आणि खालचा धूर वर जाऊं देत नाहीं. पण हें झालें पातेलें आणि झांकण. आंत शिजत होतें काय? याचें उत्तर १९५० च्या सुमारास डॉ. एरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानें दिलें. ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत अननसाच्या स्वादाचें रसायन शोधीत होते. त्याच कसबानें त्यांनीं हवा तपासली. पेट्रोलच्या न जळलेल्या वाफा आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर ऊन पडलें कीं ओझोन तयार होतो, व तोच डोळ्यांना आणि फुप्फुसांना बाधतो, असें त्यांनीं दाखवून दिलें. म्हणजे कारखाने आणि तेलशुद्धीचे कारभार यांच्याइतकाच अपराधी प्रत्येक घरच्या मोटारखान्यांत उभा होता. दुसऱ्याच्या धुरांड्याकडे बोट दाखविणें सोपें. आपल्या दारांतील मोटारीकडे दाखविणें फार कठीण.

सरकार अगदीं स्वस्थ बसलें होतें असें नाहीं. १९४७ सालीं लॉस एंजेलिस परगण्यांत हवेच्या दूषणाला आळा घालणारें खातें निघालें. १९५८ सालीं तेथील कांहीं गृहिणींनीं 'स्टॅम्प आउट स्मॉग' नांवाची संस्था काढून अधिकाऱ्यांना जागें ठेवण्याचें व्रत घेतलें. १९६६ मध्यें मोटारींच्या धुरावर मर्यादा घालणारें कॅलिफोर्निया हें अमेरिकेंतील पहिलें राज्य ठरलें. पुढच्याच वर्षीं राज्याचें 'एअर रिसोर्सेस बोर्ड' स्थापन झालें व हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० सालीं संघ सरकारनें साऱ्या देशासाठीं शुद्ध हवेचा कडक कायदा केला. मग नागरिकांना करण्यासारखें उरलें तरी काय?

या प्रश्नाचें उत्तर म्हणजे १९७१ सालीं निघालेली 'कोअलिशन फॉर क्लीन एअर' ही संस्था. लॉस एंजेलिसच्या धुरक्यांत जन्मलेल्या या संस्थेनें पुढें साऱ्या राज्याच्या हवेची काळजी अंगावर घेतली. तिच्या हातीं ना दंड ना तिजोरी. पण १९७० च्या कायद्यांत एक मोलाचें कलम होतें : सरकारी अधिकारी कायद्यानें नेमून दिलेलें कर्तव्य टाळीत असेल, तर कोणीहि नागरिक त्याला न्यायालयांत खेंचूं शकतो.

हवा शुद्ध करण्याची मुदत १९८७ अखेर संपली आणि लॉस एंजेलिसची हवा होती तशीच मलिन राहिली. तेव्हां १९८८ सालीं संस्थेनें 'सिएरा क्लब'च्या साथीनें संघ सरकारच्या पर्यावरण-संरक्षण खात्यावर दावा लावला. राज्याची योजना अपुरी असेल तर तुम्हीं स्वतः योजना केली पाहिजे, हें तिचें मागणें. १९९२ सालीं अपील न्यायालयानें तें मान्य केलें. परंतु १९९५ सालीं ती योजना जाहीर झाली आणि दोनच महिन्यांत काँग्रेसनें कायदा करून ती रद्द केली! खटला जिंकला आणि फळ हातचें गेलें, असें कोणीहि म्हणेल. तथापि संघ सरकारच्या योजनेची टांगती तरवार डोक्यावर असतांनाच राज्यानें १९९४ मध्यें स्वतःची योजना सादर केली होती. आणि तींतील आश्वासनें पाळलीं जात नाहींत असें दिसतांच संस्था १९९७ सालीं पुन्हां न्यायालयांत उभी राहिली. मुदती हुकणें हा सरकारांचा स्वभाव असेल. त्या विसरूं न देणें हें अशा संस्थेचें काम.

दुसरें उदाहरण बंदराचें. लॉस एंजेलिस बंदरांत नवा मालधक्का पुरेशी पर्यावरण-तपासणी न करतांच बांधला जात होता. शेजारच्या सॅन पेद्रो वस्तीचे रहिवासी आणि 'नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल' यांच्यासह संस्थेनें २००१ मध्यें दावा केला. २००३ सालीं सुमारें पांच कोटी डॉलरांची तडजोड झाली. धक्क्याला लागलेल्या जहाजांनीं आपलीं डीझेल इंजिनें बंद करून किनाऱ्यावरील वीज घ्यावी, ही रीत तेथें २००४ पासून सुरू झाली.

न्यायालयाइतकेंच तिचें लक्ष विधिमंडळाकडे राहिलें. उष्णता कोंडणारे वायु सोडण्याच्या परवान्यांपासून राज्याला मिळणाऱ्या पैशाचा निदान चौथा हिस्सा दूषणानें सर्वांत गांजलेल्या वस्त्यांच्या हितासाठीं वापरावा, असा कायदा २०१२ सालीं झाला. त्याच्या पुरस्कर्त्यांत ही संस्था होती. मोटारींप्रमाणें अवजड मालमोटारींचीहि नियमित धूरतपासणी व्हावी, हा २०१९ चा कायदाहि तिच्याच पुरस्कारानें झाला. २०१८ पासून ती दर ऑक्टोबरांत 'शुद्ध हवेचा दिवस' पाळविते; कारण मोटार चालविणारा हात शेवटीं नागरिकाचाच.

लढाई संपलेली नाहीं. लॉस एंजेलिसचे डोंगर आतां पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक दिवस स्वच्छ दिसतात. तरी तेथील ओझोन अद्यापि ठरविलेल्या मर्यादेखालीं आलेला नाहीं. आपल्या मुंबईंतहि धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ सालींच कायदा झाला होता, हें येथें आठवावें. कायदा लिहून होतो एका दिवसांत. तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मात्र वर्षानुवर्षें कोणीतरी जागें राहावें लागतें. तें जागरण पगारी अधिकाऱ्यांवर सोपवून आपण निजलों, तर सकाळीं खिडकी उघडतांच जी हवा आंत येईल तिच्याबद्दल तक्रार करण्याचा आपला अधिकार थोडा उणाच ठरेल.