तानपुरा मोबाइलमध्ये आला, मग सोलापूरच्या भोपळ्याचं काय?

गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या कुणालाही विचारा, रियाजाला तानपुरा कोणता लावतोस? बहुतेक जण खिशातून मोबाइल काढतील. ॲप उघडायचं, पट्टी निवडायची, आवाज सुरू. तारा जुळवायची कटकट नाही, की लोकलमधून एवढं मोठं वाद्य सांभाळत न्यायची चिंता नाही.

पण खरा तानपुरा हवा असेल, तर त्याची सुरुवात सोलापूर जिल्ह्यातल्या शेतात होते. ती कशी? आणि हे वाद्य मशीनमध्ये उतरवायला शास्त्रज्ञांना इतके कष्ट का पडले? सविस्तर पाहूया.

भोपळा सोलापूरचा, तानपुरा मिरजेचा

सांगली जिल्ह्यातलं मिरज हे सतार-तानपुऱ्याचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगार या शस्त्रांना धार लावणाऱ्या कारागिराने इथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. संस्थानं बदलली, तलवारींची गरज संपली आणि शिकलगारांचे पुढे 'सतारमेकर' झाले. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोघांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

या तानपुऱ्याची दांडी तून नावाच्या लाकडाची असते. खालचा मोठा गोल भाग मात्र चक्क भोपळ्याचा असतो, आणि हे भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-बेगमपूर परिसरातून. हा भाजीचा भोपळा नव्हे. तो कडू असतो, मुद्दाम वाद्यांसाठी पिकवतात, पूर्ण वाळू देतात आणि मग त्यातून योग्य आकाराचे निवडले जातात. दक्षिणेतला तंजावरी तंबोरा फणसाच्या लाकडातून कोरतात, त्याला भोपळ्याची गरज नसते. मिरजेचं काम मात्र भोपळ्याशिवाय अडतं.

तानपुऱ्याचा आवाज इतका अवघड का?

वाद्याला तारा फक्त चार. बहुतेकदा पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. एकामागून एक छेडायच्या, बस. मग यात अवघड काय?

उत्तर आहे जवारी. तानपुऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, सपाट आणि रुंद असते. तिला किंचित बाक दिलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवतात. तार हलायला लागली की ती घोडीला अगदी हलकी घासत राहते. त्यामुळे मूळ सुरासोबत वरचे बारीक स्वर एकामागून एक उमलत जातात. धागा केसभर पुढे-मागे झाला तरी आवाज बदलतो.

१९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी याच गोष्टीवर शोधनिबंध लिहिला. नोबेल मिळण्याच्या ९ वर्षं आधी! तार बरोबर मध्यावर छेडली, तर नियमाप्रमाणे काही वरचे स्वर ऐकू यायला नकोत. तानपुऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात. याचं कारण रामन यांनी त्या बाकदार घोडीत शोधलं.

मशीनने हा आवाज कसा पकडला?

तीन टप्प्यांत समजून घेता येईल.

पहिला टप्पा सर्किटचा. १९७९ च्या सुमारास बंगळुरूचे इंजिनिअर आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. त्यांच्या 'रडेल' कंपनीचा डबा पुढे घराघरांत पोहोचला.

दुसरा टप्पा रेकॉर्डिंगचा. खऱ्या तानपुऱ्याची एकेक तार रेकॉर्ड करायची आणि ती हव्या त्या पट्टीत वाजवायची. आजची बरीच ॲप्स याच पद्धतीने चालतात.

तिसरा टप्पा गणिताचा. यात रेकॉर्डिंग लागतच नाही. तार किती ताणलेली आहे, घोडीचा बाक किती, धागा कुठे आहे, हे सगळं समीकरणात मांडायचं आणि कॉम्प्युटरने त्यावरून आवाज घडवायचा. २०१६ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी तानपुऱ्याचं असं मॉडेल मांडलं. मिरजेचा कारागीर जवारी कानाने लावतो, तीच इथे आकड्यांनी लावली जाते.

हे प्रयोग आत्ताचेच आहेत का?

अजिबात नाही. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न पेटीबद्दल पडला होता. हार्मोनियमच्या सप्तकात १२ पट्ट्या, आणि आपल्या संगीतशास्त्रात श्रुती २२. मग मधले बारीक स्वर वाजवायचे कसे?

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये श्रुतींवर पुस्तक लिहिलं. ब्रिटिश न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांच्यासोबत त्यांनी श्रुती हार्मोनियम आणली. मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचं गाणं या प्रयोगांना आधार होतं. १९१६ च्या बडोद्यातल्या संगीत परिषदेत यावर चर्चा झाली आणि मतभेदही झाले. पुढे आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदीच घातली.

विषय तिथेच संपला नाही. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम बनवली. हिशोब सोपा आहे. सा आणि प अचल, उरलेल्या १० स्वरांच्या प्रत्येकी दोन श्रुती, म्हणजे एकूण २२.

जगात काय चाललंय?

नव्या वाद्यांच्या संशोधनासाठी 'नाइम' नावाची आंतरराष्ट्रीय परिषद भरते. २००१ मध्ये सिएटलला एका कार्यशाळेतून ती सुरू झाली. तिथे भारतीय वाद्यंही पोहोचली. अजय कपूर या संशोधकाने २००२ मध्ये इलेक्ट्रॉनिक तबला आणि २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक सतार मांडली. या सतारीत वादकाचं बोट कोणत्या पडद्यावर आहे, अंगठ्याचा दाब किती आहे, हे सेन्सर टिपतात आणि कॉम्प्युटरला कळवतात.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. ॲप वाद्याची जागा घेतं. सेन्सरवाली सतार मात्र वाद्य आणि वादक, दोघांनाही ठेवते.

मग मिरज आणि सोलापूरचं काय?

जीआयमुळे दुसरीकडे बनवलेलं वाद्य 'मिरजेचा तानपुरा' म्हणून विकता येत नाही. पण तानपुऱ्याचा आवाज देणारं ॲप बनवायला जीआय कुणाला अडवू शकत नाही. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. ती नाव राखते, गिऱ्हाईक आणून देत नाही.

ॲपचा फायदाही खरा आहे. खोली छोटी, घरात शिकवणारं कुणी नाही आणि खरं वाद्य परवडत नाही, अशा मुलांच्या कानावर सूर पडतोय तो मोबाइलमुळेच. फक्त एक गोष्ट ॲप शिकवत नाही, ती म्हणजे तानपुरा स्वतः जुळवणं. जुळवताना कान तयार होतो, असं जुने गुरू सांगत आले आहेत. म्हणूनच मोठ्या मैफलीत आजही गायकाच्या मागे दोन तानपुरे दिसतात.

ही साखळी लांब आहे. भोपळा लावणारा शेतकरी, तो कोरणारा आणि जवारी लावणारा कारागीर, आणि वाद्य विकत घेणारा विद्यार्थी. वाद्यांची मागणी घटली तर शेतकरी दुसरं पीक घेईल, कारण हा कडू भोपळा भाजी मंडईत विकता येत नाही. त्याचं गिऱ्हाईक एकच, वाद्य बनवणारा.